बीएसए एम-२० उभी करताना: सुटे भाग आणि सल्ला शोधण्याचा योग्य क्रम

‘एम-२० चे पार्ट मिळतच नाहीत’ अशी तक्रार करणाऱ्याला एकच विचारावं: कोणता पार्ट, नंबर काय? बहुतेकदा उत्तर येतं, ‘तो मॅग्नेटोच्या मागे असतो ना, गोल, तो.’ अडचण नेमकी इथे आहे. एम-२० ही बीएसए या ब्रिटिश कंपनीची जुनी मोटरसायकल. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी अशा सव्वा लाखाच्या आसपास गाड्या बनल्या. एवढ्या संख्येने बनलेल्या गाडीचे बरेचसे भाग ब्रिटनमध्ये अजूनही नव्याने तयार होतात. पण हवा तो भाग नंबराने आणि मापाने मागता आला नाही, तर दारात भलताच येऊन पडतो.

दुसरी गोची क्रमाची. रविवारी सकाळी गाडी खोलायची, फ्रेम पावडर कोटिंगला द्यायची, सिलिंडर बोअरिंगला टाकायचा आणि मग पार्ट शोधायला निघायचं, हा आपल्याकडचा नेहमीचा शिरस्ता. तो जवळजवळ उलटा आहे.

खाली उदाहरण युद्धकाळातल्या एम-२० चं घेतलं आहे: ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन), बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ८२ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९४ मिमी. तुमच्याकडे मॅचलेस जी-३एल, नॉर्टन १६एच किंवा इंग्लंडमधल्या रेडिचला बनलेली रॉयल एनफिल्ड असेल तरी रीत हीच. पुस्तकं आणि विक्रेते तेवढे बदलतील.

टप्पा १: आधी कागद आणि नंबर

पाना हातात घेण्यापूर्वी दोन नंबर शोधा. इंजिनाचा नंबर डाव्या क्रँककेसवर सिलिंडरच्या बुडाशी असतो, फ्रेमचा स्टिअरिंग हेडजवळ. वर रंगाचे चार थर असतील तर पेंट रिमूव्हर लावून हळू साफ करा. ग्राइंडर किंवा वायर व्हील नंबराच्या जवळही नेऊ नका. नंबर दिसला की तिरप्या उजेडात फोटो घ्या आणि कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उमटवून घ्या. सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगनंतर हे आकडे बुजतात आणि आरटीओत तपासणीच्या वेळी तोंड दाखवायला जागा राहत नाही.

युद्धकाळातल्या गाडीचे नंबर ‘डब्ल्यूएम२०’ या अक्षरांनी सुरू होतात. इथे एक मोठा गैरसमज आहे. या गाड्यांचे इंजिन आणि फ्रेमचे नंबर कारखान्यातूनच एकमेकांशी जुळलेले नसत. शिवाय लष्करी वर्कशॉपमध्ये इंजिनांची अदलाबदल सर्रास चाले. त्यामुळे दोन नंबर वेगळे दिसले म्हणून गाडी ‘जोडलेली’ ठरत नाही. नंबर जुळायला हवेत ते आरसीशी.

सावधान: ‘नंबर मॅच करून देतो’ म्हणणाऱ्याकडून पंच मारून घेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि जाणकाराला नवा पंच लांबूनही ओळखू येतो.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणीचं ५,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नव्या नोंदणीच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंद असलेली गाडी जुना नंबर ठेवू शकते. या नोंदणीवर रोज ऑफिसला जाता येत नाही. ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द मात्र नीट लक्षात ठेवा. पुढे कोणी डिस्क ब्रेक किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवायचा सल्ला दिला, तर तो या अटीवर तपासून पाहता येईल.

आरसी नसलेली गाडी दिवाणखान्यात ठेवायला घ्यायची असेल तर खुशाल घ्या. रस्त्यावर आणायची असेल तर एकही पार्ट मागवण्याआधी आरटीओत चौकशी करून या.

टप्पा २: आहे तसं टिपून ठेवा

गाडी खोलण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. मग केबलींचे मार्ग, वायरिंगचे जोड, प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजू, वॉशर कुठे पातळ आणि कुठे जाड, हे सगळं जवळून टिपा. गर्डर फोर्कच्या (पुढच्या चाकाचा जुना, लिंक आणि स्प्रिंगवर हलणारा फोर्क) लिंकचे फोटो जास्तच काढा. त्या स्पिंडलांची आणि वॉशरांची रचना आठवणीवर बसवता येत नाही.

खोलताना प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत घाला आणि आत चिठ्ठी टाका. पिशवीवर मार्करने लिहिलेलं तेल लागल्यावर पुसलं जातं.

इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहू नका. प्लग काढून सिलिंडरमध्ये रॉकेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओता आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग मागचं चाक वर उचलून, टॉप गिअर टाकून चाक हाताने मागे-पुढे हलवा. ते दाद देत नसेल तर सिलिंडर उतरवायची वेळ आली.

सावधान: तुटका, गंजलेला, निरुपयोगी भागसुद्धा नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत फेकू नका. मोडका ब्रॅकेट हाच लेथवाल्यासाठी नमुना असतो.

टप्पा ३: पार्ट्स बुक आणि मॅन्युअल

दोन पुस्तकं लागतात आणि ती दोन वेगळी कामं करतात. पार्ट्स बुकमध्ये भाग सुटे सुटे करून दाखवलेलं चित्र आणि प्रत्येक भागाचा नंबर असतो. मॅन्युअलमध्ये खोलायची रीत, मापं आणि टायमिंग. लष्करासाठी छापलेल्या एम-२० च्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं मिळतात, आणि बीएसएने डीलरसाठी काढलेल्या सर्व्हिस शीट्सही. आधी पार्ट्स बुक घ्या. अनेकजण मॅन्युअलवर थांबतात आणि ‘क्लचच्या आतली ती प्लेट’ शोधत बसतात.

पुस्तक तुमच्या सालाचं हवं. एम-२० १९३७ पासून १९५५ पर्यंत बनत होती. आधी गर्डर फोर्क, युद्धानंतर टेलिस्कोपिक, आणि मधल्या काळात कितीतरी बारीक बदल.

बीएसएच्या पार्ट नंबरातले पहिले दोन आकडे तो भाग मुळात कोणत्या मॉडेल-गटासाठी काढला होता ते सांगतात. एम मालिकेच्या गाडीत ६६ ने सुरू होणारे नंबर भेटतील, पण त्याच गाडीत इतर आकड्यांचे भागही आहेत, कारण कारखाना एकच भाग अनेक मॉडेलांना वापरत असे. म्हणून विक्रेत्याच्या यादीत ‘बी-३१ साठी’ (हे बीएसएचंच दुसरं मॉडेल) असं लिहिलेला भाग तुमच्याही कामाचा असू शकतो, आणि ‘एम मालिकेसाठी’ लिहिलेला नसूही शकतो. एम-२१ ही थोरली बहीण ५९१ सीसीची, बोअर तोच पण स्ट्रोक ११२ मिमी. तिचा सिलिंडर ‘सारखाच दिसतो’ म्हणून घेतला तर पस्तावाल.

तपासणी: पुस्तकातल्या चित्रावर पेन्सिल घेऊन बसा. गाडीत असलेल्या प्रत्येक भागावर खूण करा. खूण न झालेले भाग म्हणजे तुमच्या गाडीत नसलेले. ही संख्या पाहून थोडा धक्का बसतो. हा धक्का खर्च करण्यापूर्वी बसलेला बरा.

टप्पा ४: यादी

आता वही घ्या. प्रत्येक भागासमोर नाव, नंबर, अवस्था आणि निर्णय लिहा. निर्णय चारच: भाग नाहीच, आहे पण बदलायचा, आहे आणि दुरुस्त होतो, किंवा बाजारात आजही मिळणाऱ्या मापाचा आहे.

चौथ्या खान्याकडे लोक पाहतच नाहीत, आणि पैसे वाचतात ते तिथेच. एम-२० ला दोन्ही चाकांना ३.२५-१९ चा टायर लागतो. जुन्या बुलेटचाही तोच, म्हणजे तो इथेच मिळतो. बेअरिंगांचंही तसंच. इंचात मापं असलेली बेअरिंगं बंद झाली असं सांगितलं जातं. ती बंद झालेली नाहीत, त्यांची नावं कंपनीगणिक वेगळी आहेत. एक इंच आतलं, सव्वादोन इंच बाहेरचं आणि पाच सूत (५/८ इंच) जाड असं बेअरिंग हॉफमन कंपनीच्या भाषेत एलएस-१०, रॅन्सम अँड मार्ल्सच्या एलजे-१ आणि एसकेएफच्या आरएलएस-८. दुकानदाराला ‘बीएसएचं बेअरिंग द्या’ म्हटलं तर तो हात हलवेल. व्हर्नियरने तीन मापं घेऊन, बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर सांगून मागा.

‘दुरुस्त होतो’ या खान्यात जितकं जास्त बसेल तितकं चांगलं. मूळ मडगार्डचा पत्रा, मूळ टूलबॉक्स, मूळ लिव्हर, हे वाकलेले असले तरी नव्या नकलेपेक्षा नीट बसतात.

टप्पा ५: आटे ओळखा

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते, म्हणून जरा थांबून वाचा.

या गाडीत मेट्रिक नट-बोल्ट नाहीत. व्हिटवर्थ, बीएसएफ, सायकल थ्रेड आणि बीए अशा चार जुन्या ब्रिटिश घराण्यांचे आटे एकाच गाडीत नांदतात. ढोबळमानाने अ‍ॅल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये घुसणाऱ्या स्टडला जाड आटे, फ्रेम आणि चाकांकडे सायकल थ्रेड, आणि मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) आणि कार्बोरेटरच्या बारीक स्क्रूंना बीए. पण ढोबळ नियमावर बोल्ट पिळायचा नाही, मोजायचा.

अडीच सुताचा, म्हणजे ५/१६ इंचाचा बोल्ट घ्या. एका इंचात व्हिटवर्थला १८ आटे, बीएसएफला २२, सायकल थ्रेडला २६. आपल्या दुकानात मिळणारा ८ मिमीचा साधा बोल्ट जवळजवळ तेवढ्याच जाडीचा, पण त्याला इंचात साधारण २० आटे बसतात. म्हणून तो हाताने एक-दोन फेरे आत जातो आणि मग अडतो. अडल्यावर कोणीतरी पाना लावतो, आणि क्रँककेसचे आटे गेले.

पाव इंचाच्या बाबतीत फसवणूक आणखी बारीक. बीएसएफ आणि सायकल थ्रेड दोन्हींना इंचात २६ आटे, पण पहिल्याचा कोन ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. बसल्यासारखे वाटतात, पण धरत नाहीत.

लागणारी हत्यारं: व्हिटवर्थ आणि बीए दोन्ही असलेला थ्रेड गेज, व्हर्नियर, आणि व्हिटवर्थ पाने. पान्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या रुंदीचा नव्हे. ‘१/४ व्हिटवर्थ’ लिहिलेल्या पान्याचं तोंड ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिमी. तेरा नंबरचा पाना शिरत नाही, चौदाचा सैल बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. जुन्या बाजारात किंवा चोर बाजारात जुने ब्रिटिश पाने हमखास दिसतात. नव्या चकचकीत संचापेक्षा ते घ्या.

सावधान: लेथवाला म्हणेल, ‘हे आटे गेलेत, दहाचा टॅप मारून देतो.’ नको म्हणा. मूळ मापाचा हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. त्यासाठी बीएसएफ किंवा सायकल थ्रेडचा इन्सर्ट आणि टॅप मागवावा लागेल. तो खर्च क्रँककेसच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

सावधान: सगळीकडे स्टेनलेस बोल्ट बसवायचा मोह आवरा. मडगार्डला चालतील. चाकाचा अ‍ॅक्सल, फोर्कचे स्पिंडल, ब्रेकचा अँकर, इंजिन माउंटिंग इथे योग्य ताकदीचं स्टीलच हवं.

टप्पा ६: सल्ला कोणाला आणि कसा विचारायचा

सल्ला देणारे तीन प्रकारचे असतात, आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारायचा असतो.

जुना फिटर आवाजावरून, धुरावरून, किकच्या वजनावरून दोष सांगतो. ते त्याला विचारा. नंबर, साल आणि मूळ रंग त्याला विचारू नका. तोही सांगेल, पण बुलेटच्या अनुभवावरून सांगेल. मशिनिस्टला गाडीचं नाव नसलं तरी चालतं. त्याला भाग, माप आणि किती फरक चालेल एवढंच द्या. तिसरा म्हणजे मॉडेलचा जाणकार, जो बहुधा क्लबात भेटतो. बीएसए ओनर्स क्लब १९५८ पासून आहे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबाकडे ब्रिटिश कारखान्यांच्या जुन्या नोंदींचा आणि पुस्तकांचा मोठा साठा आहे. गाडी कधी बनली याचा दाखला अशा ठिकाणाहून मिळू शकतो. एजेएस आणि मॅचलेसच्या क्लबाचा तर सुटे भाग विकण्याचा स्वतःचा व्यवहार आहे. परदेशातून सभासद होता येतं, आणि वर्गणी एका चुकीच्या पार्टच्या कुरिअरपेक्षा कमी पडते.

‘माझी एम-२० सुरू होत नाही, मदत करा’ या प्रश्नाला वीस उत्तरं येतात आणि एकही लागू पडत नाही. प्रश्नात एवढं हवंच: इंजिन आणि फ्रेमच्या नंबराची सुरुवातीची अक्षरं, पार्ट्स बुकमधला नंबर, भागाचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो, आतापर्यंत काय करून पाहिलं, आणि गाडी गार असताना काय होतं व तापल्यावर काय होतं.

हा शेवटचा मुद्दा मॅग्नेटोसाठी निर्णायक आहे. लुकासच्या मॅगडायनोला (मॅग्नेटो आणि डायनामो एकत्र) गार असताना चांगला स्पार्क असतो. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी बंद पडते, आणि गार होईपर्यंत सुरू होत नाही. अशा वेळी लोक कार्बोरेटर खोलतात. संशय आधी आर्मेचरमधल्या कंडेन्सरवर आणि वाइंडिंगवर घ्यावा. पॉइंटचा गॅप ०.०१२ इंच ठेवून, स्लिप रिंग आणि ब्रश साफ करूनही तेच होत असेल, तर आर्मेचर रिवाइंड करून नवा कंडेन्सर घालावा लागतो. मोटर वाइंडिंगवाल्याकडे हे काम टाकू नका. मॅग्नेटोचाच माणूस शोधा.

तपासणी: दोन जाणकारांची मतं वेगळी निघाली तर मधला मार्ग काढू नका. दोघांनाही विचारा, हे कोणत्या पुस्तकात किंवा सर्व्हिस शीटमध्ये आहे.

टप्पा ७: इथे काय मिळतं

पुण्यात नाना पेठ आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. नेमका एम-२० चा भाग तिथे मिळेलच या आशेवर जाऊ नका. हत्यारं, स्मिथ्सचे मीटर, लुकासच्या दिव्यांचे सांगाडे, अमलच्या कार्बोरेटरचे तुकडे अशा गोष्टी नशिबाने लागतात. जाताना व्हर्नियर, थ्रेड गेज, लहान चुंबक आणि यादीचे फोटो सोबत घ्या. ‘बीएसएचा आहे’ हे वाक्य तिथे प्रत्येक गंजक्या लोखंडाला लागू पडतं. नंबर कोरलेला दिसला तरच विश्वास ठेवा.

करून घेण्यासारखं मात्र आपल्याकडे खूप आहे. गनमेटल आणि फॉस्फर ब्राँझचे बुश, फोर्कचे स्पिंडल, स्पेसर, केबली, सीटचं कव्हर, पत्र्याचं काम. कास्टिंग करायचंच असेल तर कोल्हापूरच्या फाउंड्र्या आहेत, पण एका नगासाठी पॅटर्न करणं परवडत नाही. त्याच गाडीचे चार मालक एकत्र आले तर जमतं. स्पोक इथे करून मिळतात. रिम नवी घेताना मात्र जुनी रिम आणि हब दोन्ही घेऊन जा. भोकांची संख्या जुळली तरी त्यांचा तिरपेपणा हबप्रमाणे बदलतो, आणि चुकीच्या कोनात ताणलेले स्पोक तुटतात.

बुलेटचा भाग ‘थोडं घासून’ बसवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. टायर-ट्यूबपुरतं ठीक. मिकार्बचा कार्बोरेटर बसवून गाडी चालते हेही खरं, पण मूळ अमल २७६ सोबत मिळाला असेल तर तो आधी तपासा. त्याचा फ्लँज पाना जास्त पिळल्याने बहुतेकदा वाकलेला असतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून तो सपाट करता येतो. स्लाइड आणि बॉडीत झीज जास्त असेल तर मग नवा घ्या.

एक खुलासा: बीएसएचं नाव २०१६ मध्ये महिंद्राच्या क्लासिक लेजेंड्सने घेतलं आणि नवी गोल्ड स्टार इथल्या शोरूमला दिसते. तिथे एम-२० चे भाग मिळत नाहीत.

टप्पा ८: ब्रिटनहून मागवताना

एका दुकानातून एकदाच, मोठी ऑर्डर द्या. सफोक परगण्यातलं ड्रॅगनफ्लाय हे बीएसए आणि एरियलसाठी नावाजलेलं, अमलच्या अस्सल भागांसाठी सॉल्सबरीचं बर्लन, रेडिचच्या एनफिल्डसाठी हिचकॉक्स. ऑर्डरमध्ये भागाचं वर्णन लिहू नका, नंबर लिहा, आणि शेवटी गाडीचं मॉडेल व साल लिहून ‘जुळत नसेल तर पाठवण्याआधी कळवा’ अशी ओळ घाला. जाणकार विक्रेता चूक पकडतो.

किमतीचा हिशेब असा मांडा. तिथल्या दुकानात दाखवलेल्या किमतीत बहुधा २० टक्के व्हॅट असतो. देशाबाहेर जाणाऱ्या मालावर तो लागत नाही, तेव्हा तो वजा होतो का ते आधी विचारा. मग पार्सलचा खर्च आणि विमा. या सगळ्याच्या बेरजेवर इथे सीमाशुल्क आणि कर, वर कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क. केवायसीसाठी ओळखपत्र मागतील, ते तयार ठेवा. विक्रेत्याला बिल कमी दाखवायला सांगू नका. पार्सल अडलं तर सोडवताना तेच बिल तुमच्या अंगावर येतं, आणि हरवलं तर विमा तेवढाच मिळतो.

जड भाग मागवू नका. मडगार्ड, स्टँड, रिम यांचं भाडं किमतीच्या बरोबरीला जातं. मागवण्यासारखं म्हणजे पिस्टन, व्हॉल्व्ह, बिग एंडचे भाग, गॅसकेट संच, क्लच प्लेट, मॅग्नेटोचे सुटे भाग, आणि विशेष आट्यांचे नट-बोल्ट.

तिकडे कोणी नातलग असेल तर स्टॅफर्डचं एप्रिल आणि ऑक्टोबरमधलं प्रदर्शन किंवा ब्यूलीचा सप्टेंबरातला जुन्या भागांचा बाजार त्यांना सुचवता येईल. पण त्यांना फोटो, नंबर आणि मापं दिल्याशिवाय पाठवू नका. मोटरसायकलशी संबंध नसलेला भाचा कोणताही अमल उचलून आणेल. वापरलेला कार्बोरेटर किंवा टाकी विमानाच्या सामानात आणायला सांगू नका, पेट्रोलचा अंश राहिलेल्या वस्तू चालत नाहीत.

टप्पा ९: खोकं उघडल्यावर

पार्ट आला की त्याच दिवशी मोजा. परत पाठवायची मुदत बहुतेकदा थोडी असते, आणि लोक खोकं तसंच माळ्यावर टाकतात. जुन्या भागाशेजारी ठेवून लांबी, भोकांचं अंतर, आटे तपासा. नकली गॅसकेटमधली तेलाची भोकं क्रँककेसच्या भोकांशी जुळतात का ते पाहा. एक भोक झाकलं गेलं तर इंजिन तेलाविना चालतं.

टप्पा १०: मशिनिंग आणि कोरडी जुळणी

पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोअर करायचा नाही. हे दुकानात लिहून लावावं इतकं महत्त्वाचं आहे. आधी सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांना मोजून घ्या. किती मोठा पिस्टन लागेल ते ठरवा (२०, ४०, ६० थाऊ असे टप्पे असतात; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), तो मिळतो का ते पाहा, मागवा, आणि मग तो पिस्टन घेऊन बोअरिंगला जा. क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली मोकळी जागा) पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला ठेवा. ‘बुलेटला एवढा ठेवतो’ हे उत्तर चालणार नाही.

बिग एंड (कनेक्टिंग रॉडचा क्रँकवर बसणारा सांधा) तपासताना रॉड बाजूला हलतो म्हणून घाबरू नका, तेवढी जागा असतेच. वर-खाली हालचाल जाणवली तर मात्र क्रँक उघडावा लागेल. फ्लायव्हील जोडल्यावर ते सेंटरमध्ये आणणं हे सवयीच्या हाताचं काम आहे. डायल गेज नसलेल्या दुकानात ते देऊ नका.

रंग देण्यापूर्वी अख्खी गाडी एकदा कोरडी जोडा. टाकी, मडगार्ड, टूलबॉक्स, सायलेन्सर, स्टँड, साखळीचं कव्हर, सगळं. नव्या नकलेच्या ब्रॅकेटची भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलेली असतात. ती आत्ता लांबवली तर ठीक. पावडर कोटिंगनंतर ड्रिल लावलं की पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. वायरिंगही याच वेळी लावून पाहा आणि अर्थ कोणत्या टोकाला आहे ते तुमच्या सालाच्या आकृतीवरून ठरवा. अनेक ब्रिटिश गाड्यांत प्लस टोक अर्थला असतं. आपल्या सवयीने उलटी बॅटरी जोडू नका.

तपासणी: रंगाला देताना अ‍ॅक्सलच्या खाचा, बुशची भोकं, अर्थचा बिंदू आणि नंबराची जागा टेप लावून झाका, आणि हे रंगवाल्याला तोंडी न सांगता स्वतः झाका.

जाता जाता: लष्करी एम-२० ला क्रोम नव्हतं. चकाकणारी टाकी हवी असेल तर आवड तुमची, पण मग त्याला मूळ स्वरूप म्हणू नका.

टप्पा ११: पहिली किक

या इंजिनाचं तेल वेगळ्या टाकीत असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. सुरू करण्यापूर्वी खालची प्लेट काढून ते निथळून घ्या, जाळी धुवा, टाकीत ताजं तेल भरा. पेट्रोलची जुनी नळी आणि नळाचा बूच बदला. आता सगळीकडे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्याने जुनं रबर फुगतं, बूच आकसतो, आणि टाकीत पूर्वी लावलेलं अस्तर सुटून जेटमध्ये येतं. इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर नळ बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्या.

किक मारताना स्पार्क थोडा मागे घ्या, एक्झॉस्ट लिफ्टर (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून दाब सोडणारा लिव्हर) दाबून पिस्टन कॉम्प्रेशनच्या जरा पुढे न्या, लिफ्टर सोडा आणि पूर्ण किक मारा. कॉम्प्रेशन जेमतेम ४.९ ला १ आहे. किक उलटी मारत असेल तर टायमिंग पुढे गेलेलं असू शकतं.

इंजिन लागताच तेलाच्या टाकीचं झाकण उघडून आत पाहा. परतीच्या नळीतून तेल येताना दिसलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात दिसलं नाही तर लगेच बंद करा आणि पंपाकडे वळा. तेल येत असेल तर गाडी गार होऊ द्या, सिलिंडर हेडचे नट मॅन्युअलमधल्या क्रमाने पुन्हा आवळा, आणि पहिल्या छोट्या फेरीनंतर तेच परत करा. पुढच्या चाकाचे स्पोक, फोर्कच्या लिंकची ढिलाई आणि मॅगडायनोचा पट्टाही त्याच बैठकीत तपासा. ८० किलोमीटरच्या आसपास तेल बदला. जुन्या तेलात काय निघतं ते पांढऱ्या कपड्यावर पाहा. करडी बारीक धूळ चालेल. चकाकते तुकडे दिसले तर गाडी पुढे दामटू नका, सिलिंडर पुन्हा उतरवा.